सातव्या खणातलं लाल कार्ड

इम्के फोसबेर्गने व्याकरण विभागात स्वतःचा चहा आणला, आणि त्या दिवसापासून गेझीने ट्योल्केच्या कॉफीला गिऱ्हाईक राहिलं नाही.

एकोणीस वर्षं दुपारी तीनच्या ठोक्याला गेझीने कॉफी गाळत होती. प्रोफेसर हासेलहोर्स्ट पहिला घोट घ्यायचे, चष्मा वर सरकवायचे आणि म्हणायचे, "फ्राऊ ट्योल्के, आता दिवस सुरू झाला." दिवस उतरणीला लागलेला असायचा, पण गेझीनेला ते वाक्य पगारापेक्षा मोलाचं वाटायचं. मग १९७४च्या मार्चमध्ये ही एकोणतीस वर्षांची, भाषाशास्त्रातली डॉक्टर आली, उत्तरेकडच्या समुद्रकाठची. चिनीमातीचं बुटकं भांडं, कपात टाकला की तडकणारा खडीसाखरेचा खडा, वरून चमचाभर साय, आणि ती साय ढवळायची नाही म्हणे. तीन कप घ्यायचे, पुरे झालं की चमचा कपात उभा करायचा. प्रोफेसरांना हे सगळं पोरासारखं आवडलं. महिन्याभरात त्यांनी कॉफी सोडली. गेझीनेला ते 'फ्राऊ ट्योल्के', म्हणजे ट्योल्केबाईच, म्हणत राहिले, आणि या बाईला मात्र तिसऱ्याच आठवड्यात 'इम्के'.

"जुनी कॉफी, नवा चहा," कोपऱ्यातल्या टेबलावरचे म्हातारे साहाय्यक क्निपिंग म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नका. मी अजून तुमचीच पितो."

"तुम्ही फुकट मिळालं तर शाईसुद्धा प्याल," गेझीने म्हणाली.

पण तिच्या पोटात दुखत होतं, आणि ते चहापुरतं नव्हतं.

विभागात एक मोठं व्याकरण तयार होत होतं. प्रत्येक प्रकरणाखाली ते लिहिणाऱ्याचं नाव छापलं जाणार होतं. गेझीने तिथे टायपिस्ट म्हणून लागली होती. पदवी नाही, काही नाही. मग हळूहळू चिठ्ठ्यांचं काम तिच्या गळ्यात पडलं आणि ते तिने गळ्यातल्या माळेसारखं मिरवलं. वर्तमानपत्रं, कादंबऱ्या, पाककृतींची पुस्तकं, पोहण्याच्या तलावावरच्या पाट्या, जिथे वाक्य दिसेल तिथून ते पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठीवर उतरवायचं, खाली ठिकाण आणि तारीख घालायची, आणि लाकडी खणात योग्य जागी लावायचं. अडतीस हजार चिठ्ठ्या झाल्या होत्या. सगळ्या एकाच जातीच्या क्रियापदांच्या.

जर्मन भाषेत सहा क्रियापदं अशी आहेत की ती स्वतः काही करत नाहीत. दुसऱ्या क्रियापदाच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहतात आणि त्या कामामागे काय आहे तेवढं सांगतात. करता येतं, की करावं लागतं, की करायची मुभा आहे. करायचं मनात आहे, की कुणी करायला सांगितलंय, की नुसतंच आवडतं. शाळेतल्या पोरालाही ही सहा पाठ असतात. पण ही सहाच का, त्यांना एका घरात कोणत्या खुणेवरून घालायचं, आणि घरात आल्यावर कुणाला कुठल्या खोलीत ठेवायचं, यावर शहाणीसुरती माणसं तीस तीस वर्षं एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. प्रोफेसर हासेलहोर्स्ट सहाच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं, सहांची चेहरेपट्टी एक आहे, रूपं एकाच साच्यातून निघतात, बाहेरच्याला आत घेऊ नका. त्यामुळे विभागात सहा मोठे खण होते, आणि खाली सातवा एक लहान खण, त्यात 'ब्राउखेन' नावाचं एक उपरं क्रियापद. गरज असणे असा त्याचा अर्थ, आणि बहुतेक वेळा नकारातच भेटणारं: यायची गरज नाही, बोलायची गरज नाही. सातव्या खणाकडे कुणी फिरकत नसे. त्यातल्या दोनशे बारा चिठ्ठ्या गेझीनेने जवळजवळ स्वतःच्या हौसेनेच जमवल्या होत्या.

या क्रियापदांवरचं प्रकरण कुणी लिहायचं हे कधी कुणी बोललं नव्हतं. गेझीने मनात धरून चालली होती, की एक दिवस प्रोफेसर चष्मा वर सरकवतील आणि म्हणतील, हे तर तुमचंच आहे. असं मनात धरून माणसाने चालू नये, पण माणूस चालतो. ऑक्टोबरच्या शेवटी प्रोफेसरांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, की प्रकरण इम्के लिहील, आणि पंधरा नोव्हेंबरच्या शुक्रवारच्या बैठकीत ती त्याचा आराखडा मांडेल.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. बीळ खोदणारीने त्या दिवशी तीनची कॉफी केली, ती स्वतःच दोन कप प्यायली, आणि उरलेली बेसिनमध्ये ओतली.

आणखी एक जळजळ होती, ती ती स्वतःशीही नीट बोलत नसे. इम्के वाईट नव्हती. आळशी असती, उद्धट असती, तर गेझीनेला झोप लागली असती. पण ही बाई सकाळी पावणेआठला यायची, खण उघडून चिठ्ठ्या वाचत बसायची आणि मध्येच खळखळून हसायची. "फ्राऊ ट्योल्के, ही खाटकाच्या दुकानातली चिठ्ठी बघा ना. 'थोडं जास्त झालं तर चालेल का?' क्रियापद परवानगीचं, आणि सुरी तर आधीच चालून गेलेली. हे तुम्ही टिपलंत?"

"टिपलं."

"छान आहे हो."

"मांसही छान होतं," गेझीने म्हणाली आणि टाइपरायटरकडे वळली. चौदा वर्षांपूर्वी ती त्याच चिठ्ठीवर एकटी हसली होती. दुसऱ्या कुणाला त्यात हसण्यासारखं काही सापडेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि सापडलं तर हिला.

मग बैठकीच्या आधीच्या सोमवारी इम्केने विचारलं, "सातवा खण कुणी वापरत नाही ना? मला त्यातल्या चिठ्ठ्या शुक्रवारी लागतील. मी म्हणणार आहे की क्रियापदं सहा नाहीत, सात आहेत."

गेझीनेचा हात टाइपरायटरच्या कळांवर थांबला. हेच. हेच तिच्या मनात पाच वर्षं होतं. १९६९ साली तिने एकदा प्रोफेसरांपुढे एक चिठ्ठी ठेवून हे बोलायचा प्रयत्न केला होता, आणि त्यांनी पेन्सिलीने त्यावर तीन शब्द लिहून ती परत केली होती. आता हेच ही चहावाली बोलणार, आणि लोक माना डोलावणार. गेझीनेच्या अंगाचा तिळपापड झाला. "वापरा की," ती म्हणाली. "खण काही माझ्या बापाचा नाही."

बारा वाजता सगळे कँटीनमध्ये मटाराचं सूप प्यायला गेले. गेझीने डोकं दुखतंय म्हणून मागे राहिली. तिने सातवा खण उघडला, दोनशे बारा चिठ्ठ्या काढल्या, सुतळीने बांधल्या आणि कापडी पिशवीत तळाशी घातल्या. वर सकाळच्या बाजारातली कांद्याची पात ठेवली. खण लावला. सगळं मिळून चार मिनिटं. मांजर डोळे मिटून दूध पितं तशी ती जागेवर येऊन बसली. पुराव्याशिवाय बोल म्हणावं आता. प्रोफेसर पुराव्याशिवाय आपल्या आईचंही ऐकणार नाहीत.

मंगळवारी संध्याकाळी घरी बटाटे सोलताना तिचा हात एकदम थांबला.

विभागात एक नियम होता. खणातून चिठ्ठी बाहेर काढली, एक का असेना, तर तिच्या जागी लाल कार्ड ठेवायचं. कार्डावर नेणाऱ्याचं नाव आणि तारीख. लाल कार्ड असलं म्हणजे चिठ्ठी हरवलेली नाही, कुणीतरी तिच्यावर काम करतंय. हा नियम गेझीनेनेच घातला होता, १९५८ साली. तेव्हा एक चिठ्ठी तीन आठवडे बेपत्ता होऊन शेवटी क्निपिंगच्या डब्यात, चीज लावलेल्या पावाखाली सापडली होती. तेव्हापासून तिने या नियमापायी प्रोफेसरांनासुद्धा सोडलं नव्हतं. आणि सोमवारी, खण लावण्याआधी, तिच्या उजव्या हाताने टेबलावरच्या गठ्ठ्यातलं लाल कार्ड उचललं होतं, वळणदार अक्षरात 'ट्योल्के, ११ नोव्हेंबर १९७४' असं लिहिलं होतं आणि रिकाम्या खणात उभं केलं होतं. सोळा वर्षांची सवय. डोक्याने चोरी केली, हाताने सही केली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते उगाच नाही.

बुधवारी ती सातला पोचली. विभागात कुणी नव्हतं. कोट न काढता तिने सातवा खण ओढला. खण रिकामा होता. लाल कार्डही नव्हतं.

पावणेआठला इम्के आली. "शुभ सकाळ, फ्राऊ ट्योल्के."

"शुभ सकाळ."

इम्केने कोट टांगला, मफलरची घडी केली, आणि पहिला खण उघडून वाचायला बसली. सातव्याचं नाव नाही. गुरुवारीही नाही. चिठ्ठ्या परत ठेवून द्याव्यात असं गेझीनेला दोनदा वाटलं. पण परत ठेवणं म्हणजे कबुली, आणि कबुली द्यायची तर ती या बाईला द्यायची. त्यापेक्षा नोकरी गेलेली बरी. ती पिशवी रोज आणत होती आणि रोज घरी नेत होती. पात तोवर वाळून गेली होती.

शुक्रवारी लांब टेबलाभोवती अकरा माणसं बसली. गेझीने नेहमीप्रमाणे दाराजवळ, टिपणाची वही घेऊन. पिशवी पायाशी. इम्के बोलली, चांगली बोलली, आणि शेवटी म्हणाली, की सातवं क्रियापदही घरातलंच आहे, त्याला आत घ्यावं.

"चेहरेपट्टी जुळत नाही," प्रोफेसर म्हणाले. "शेजारचा माणूस रोज जेवायला येतो म्हणून त्याला आडनाव देतात का?"

टेबलावर हसू पसरलं.

"लोक ते त्या सहांसारखंच वापरतात, प्रोफेसरसाहेब."

"असतील. पुरावा?"

"पुरावा खणात नाही," इम्के म्हणाली. तिने वहीतून लाल कार्ड काढलं आणि टेबलाच्या मध्यावर ठेवलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "चिठ्ठ्या फ्राऊ ट्योल्केंकडे आहेत. सोमवारपासून."

अकराही माना दाराकडे वळल्या. गेझीनेला आपल्या कानांची धग कळत होती.

प्रोफेसरांनी कार्ड उचलून जवळ धरलं. "तुमचंच अक्षर. म्हणजे तुम्ही यावर काम करताय, फ्राऊ ट्योल्के?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. नवल होतं, जसं कपाट बोलल्यावर वाटेल तसं. तिला ते रागापेक्षा जास्त लागलं.

नाही म्हटलं तर चोर. हो म्हटलं तर उठून बोलायला हवं, आणि या खोलीत ती एकोणीस वर्षांत 'साखर?' याच्यापलीकडे बोलली नव्हती.

"हो," गेझीने म्हणाली. "करतेय."

ती पिशवी घेऊन टेबलापाशी आली. वाळकी पात बाहेर काढून तिने क्निपिंगच्या हातात दिली, कारण दुसरी जागा नव्हती. सुतळीची गाठ सुटेना. क्निपिंगने पातीसकट खिशातला चाकू पुढे केला.

"चेहऱ्यावरून घर ओळखायचं तर सहाच," ती म्हणाली. आवाज बारीक येत होता, पण येत होता. "मी चेहरा बघत नाही. मी प्रत्येक चिठ्ठीला एकच विचारते, हे कुणाच्या मर्जीने? कधी वाक्यातल्या माणसाची स्वतःची मर्जी असते. तो पहिला गठ्ठा. कधी दुसऱ्या कुणाची असते, आईची, साहेबाची, पाटीवरची. दुसरा. कधी कुणाचीच नसते. भूक लागते, वय होतं, गाडी सुटते, म्हणून करावं लागतं. तिसरा. आणि चौथ्यात मर्जीचा प्रश्नच नाही, बोलणारा नुसता अंदाज बांधतो. 'तो आता घरी असणार.' क्रियापद सक्तीचंच, पण घरी असायची सक्ती त्याच्यावर कुणी केलेली नाही. अंदाज आपला आहे." बोलता बोलता तिने चिठ्ठ्या वाटायला घेतल्या, पत्ते वाटावेत तशा भराभर. "आता हे सातवं बघा. पहिला गठ्ठा रिकामा. दुसरा, तिसरा, चौथा भरले. 'करावं लागतं' हे क्रियापद नेमकं याच तिघांत राहतं. ते जिथे जिथे जातं तिथे तिथे हे 'लागत नाही' म्हणून त्याच्या मागे जातं. शेजारी एवढा घरभर फिरत नाही, प्रोफेसरसाहेब."

कुणीतरी हसलं. प्रोफेसर हसले नाहीत. ते चष्मा वर सरकवून गठ्ठे वाचत होते.

"तुमच्या हातात एक राहिली," ते म्हणाले.

तिने ती त्यांच्यापुढे ठेवली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'त्यांना आता काही खायची गरज नाही.' खाली: डॉक्टर, वॉर्ड चार, तोंडी, मे १९६९. कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात: कुणाच्या मर्जीने? आणि त्याच्याखाली दुसऱ्या, मोठ्या अक्षरात: तोंडी आहे. नको.

"माझ्या आईबद्दल बोलले होते," गेझीने म्हणाली. "मी चमचा हातात घेऊन बसले होते. डॉक्टरांनी सूट दिली, की तिच्या शरीराने, की त्यांचा नुसता अंदाज होता, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून ही कुठल्याच गठ्ठ्यात नाही. तुम्ही छापील पुरावा मागितला होतात. छापील माझ्याकडे नव्हता."

प्रोफेसरांनी आपलं पाच वर्षांपूर्वीचं अक्षर बराच वेळ पाहिलं. मग क्निपिंगने पात खाली ठेवली आणि बोटांच्या पेरांनी टेबल वाजवलं. मग दुसऱ्याने. मग सगळं टेबल वाजू लागलं. या लोकांमध्ये टाळ्या वाजवत नाहीत, टेबल वाजवतात. एकोणीस वर्षं हा आवाज तिने दाराजवळ बसून दुसऱ्यांसाठी ऐकला होता.

"उत्तम," प्रोफेसर घसा साफ करून म्हणाले. "फारच उत्तम. इम्के, हे सगळं प्रकरणात घ्या. आणि प्रस्तावनेत आपण फ्राऊ ट्योल्केंचे आभार मानू. अगदी मनापासून."

पिकतं तिथं विकत नाही. गेझीने खाली वाकून सुतळी गोळा करू लागली. तिला रडू येत होतं, आणि ते या बाईसमोर येऊ द्यायचं नव्हतं.

"नाही घेता येणार, प्रोफेसरसाहेब," इम्के म्हणाली.

"का?"

"नियम आहे. जिथून काढलं तिथे लाल कार्ड ठेवायचं, नावासकट. हे मी फ्राऊ ट्योल्केंच्या डोक्यातून काढणार. प्रकरणाखाली त्यांचं नाव नसेल तर मी ते लिहिणार नाही. तुम्ही दुसरं कुणी बघा."

प्रोफेसर तिच्याकडे पाहत राहिले. "पदवी नसलेलं नाव?" ते पुटपुटले. मग चिठ्ठीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "बरं. दोघींची घाला." आणि ते उठून खिडकी उघडायला गेले, जरी बाहेर धुकं होतं आणि कुणाला उकडत नव्हतं.

जे हवं होतं ते मिळालं. आणि गेझीनेला पहिलं काय वाटलं असेल? हेवा. ही बाई चेहरा पांढरा करून उभी राहते, दोन वाक्यं बोलते, आणि औदार्यसुद्धा हिलाच शोभून दिसतं. आपल्याला उभ्या जन्मात असं कुणासाठी बोलता आलं असतं का? नसतं आलं. सुंभ जळला तरी पीळ काही गेला नव्हता.

माणसं गेली. गेझीने चिठ्ठ्या सातव्या खणात लावत बसली. इम्केने चहाचं भांडं आणलं, दोन कप ठेवले. खडीसाखर तडकली.

"मी चहा घेत नाही," गेझीने म्हणाली.

"माहीत आहे. ओतलाय."

गेझीनेने चिठ्ठ्यांकडे बघत विचारलं, "कार्ड केव्हा पाहिलंत?"

"मंगळवारी."

"आणि गप्प राहिलात."

"परत आणाल म्हणून थांबले. गुरुवारी इतकी चिडले होते, ठरवलं होतं, सगळ्यांसमोर ठेवायचं आणि तोंडघशी पाडायचं. आज ते कार्ड काढलं ना, ते त्याचसाठी काढलं. तुम्ही बोलाल असं मला वाटलं नव्हतं." इम्के कपाकडे बघत होती. "आणि मग तुम्ही बोललात. मी आठ महिने ज्याच्याभोवती फिरत होते, ते तुमच्या चिठ्ठीवर पाच वर्षांपूर्वीच पेन्सिलीने लिहिलेलं. दोनच शब्दांत. टेबल वाजत होतं तेव्हा मी पण वाजवत होते, पण माझ्या पोटात काय होत होतं ते सांगायची लाज वाटते."

"सांगा."

"हेवा वाटला मला तुमचा. अजून वाटतोय. नाव घालायला लावलं ते काही चांगुलपणा म्हणून नाही. नसतं घातलं तर मी जन्मभर तुमच्यावर जळत बसले असते."

गेझीनेने हातातली चिठ्ठी खाली ठेवली. त्रेपन्न वर्षांत तिची कुणी कीव केली होती, कौतुक केलं होतं, कामापुरता मामाही केला होता. हेवा कुणी केला नव्हता. टेबल वाजलं तेव्हाही जे आत पोचलं नव्हतं ते आता सावकाश उतरत होतं, छातीतून खाली, गरम. तिने समोरचा कप ओढला, साय न ढवळता एक घोट घेतला. चहा चांगला होता, हे कबूल करण्याची मात्र तिची अजून तयारी नव्हती.

"डॉक्टर फोसबेर्ग," ती म्हणाली, "ते मघाचं जरा परत सांगा."

"कुठलं?"

"हेवा वाटला म्हणालात, ते."

इम्केने तिच्याकडे पाहिलं, आणि सांगितलं. गेझीनेने कप रिकामा केला, चमचा बशीतच राहू दिला, आणि दुसऱ्या कपासाठी पुढे सरकवला.